वास पेट्रोलचा, दोष बोटभर जोडणीचा

गणपतीच्या आदल्या दिवशी इंदूरचे एक मराठी कुटुंब नाशिकला निघाले होते. पुढे नवराबायको, मागे आजी आणि आठ वर्षांची नात. डिकीत पूजेचे साहित्य, फराळाचे डबे, आजींची सोवळ्याची पेटी. गाडी नऊ वर्षांची, पण नीट राखलेली. दोनच महिन्यांपूर्वी तिचा पेट्रोल पंप बदलून घेतला होता, त्यामुळे वाटेत कुरकुर होणार नाही अशी घरच्यांची खात्री होती.

सेंधवा जवळ आले तसे आजींनी पदर नाकाला लावला. "सूनबाई, कसला गं हा वास?" सुनेने मान वळवून हुंगले आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, पेट्रोलचा वास येतोय." नवऱ्याचे उत्तर तयारच होते : "आत्ताच तर टाकी भरली. तेवढा वास येणारच." काचा खाली केल्या, वारा आला, वास गेला. पंधरा मिनिटांनी काचा वर केल्या आणि वास परतला. नात म्हणाली, मला मळमळतंय. तेव्हा मात्र गाडी रस्त्याकडेच्या एका गॅरेजपाशी थांबली.

मेकॅनिक पन्नाशीचा होता. त्याने आधी इंजिन बंद करायला लावले, मग सगळ्यांना खाली उतरवून लांब झाडाखाली बसवले. बॉनेट उघडायला निघालेल्या गृहस्थांना त्याने हातानेच थांबवले आणि थेट मागची सीट उचलली. सीटखाली पत्र्याचे एक झाकण असते, ते काढले. आत पंपाचा माथा पेट्रोलने ओला होता. पंपातून निघणारी काळी नळी जिथे जोडली जाते त्या प्लॅस्टिकच्या कनेक्टरचे लॉक मोडलेले होते. कोणीतरी ते तांब्याच्या तारेने बांधले होते आणि वरून दोन गोळे एकत्र मळून लावतात ती लांबी थापली होती. लांबी सुटून आली होती. आजी आणि नात ज्या सीटवर बसल्या होत्या, तिच्या बरोबर खाली.

"नाशिकपर्यंत पुन्हा बांधून द्या, तिकडे गेल्यावर बघू," गृहस्थ म्हणाले. मेकॅनिकने मान हलवली. पुढे बिजासनचा घाट आहे, तो म्हणाला. गाडी तापेल, हादरे बसतील. बांधून देईन तर पैसे मिळतील, पण झोप लागणार नाही.

त्या मेकॅनिकचा नकार अनेकांना अतिरेकी वाटेल. पूर्वी पेट्रोलची नळी गळली तर साबणाची वडी घासून, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून लोक शे-दोनशे किलोमीटर गाडी हाकत. मग आजच काय झाले? उत्तर गाडीच्या रचनेतच आहे.

ओढणारी नळी, ढकलणारी नळी

प्रीमियर पद्मिनी आठवून पाहा. मुंबईच्या रस्त्यांवरून ही काळीपिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमची गेली. तिचा पेट्रोल पंप इंजिनाला लागून बसवलेला असे आणि इंजिनाच्याच गतीवर चाले. पेट्रोलची टाकी मागे, पंप पुढे. म्हणजे पंप टाकीतले पेट्रोल नळीतून ओढून घेई, आपण शहाळ्यातले पाणी नळीने ओढतो तसे. शहाळ्याच्या नळीला चीर पडली तर पाणी बाहेर उडत नाही, तोंडात नुसती हवा येते. तसेच त्या गाडीचे होई. लांब नळीला भेग गेली की पंप हवा ओढू लागे, गाडी आचके देई आणि बंद पडे. चालक वैतागत असे, पण पेट्रोलची चिळकांडी उडत नसे. पंपापासून कार्बुरेटरपर्यंतचा वीतभर तुकडा तेवढा दाबाखाली असे आणि तो दाबही फार थोडा. त्या तुकड्याने आगी लावल्याच नाहीत असे नव्हे. पण धोक्याची जागा थोडी होती आणि ती बॉनेट उघडताच डोळ्यांसमोर असे.

२००० सालानंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्बुरेटर मागे पडला आणि इंजेक्शनची पद्धत आली. या पद्धतीत पेट्रोल बारीक छिद्रांतून फवाऱ्यासारखे सोडायचे असते. त्यासाठी दाब लागतो. मग विजेवर चालणारा पंप थेट टाकीत बसवला गेला. आता तो ओढत नाही, ढकलतो. टाकीपासून इंजिनापर्यंतची सगळी नळी, गाडीच्या पोटाखालून जाणारी, दाबाखाली असते.

हा दाब किती? घरातल्या प्रेशर कुकरची शिटी होते तेव्हा आत बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन बारच्या थोडा वर असतो. पेट्रोलच्या नळीत बहुतेक मोटारींना तीन ते चार बार लागतो. म्हणजे कुकरच्या तिप्पट-चौपट दाबाने पेट्रोल त्या काळ्या नळीतून वाहत असते. इंजिन बंद केल्यावरही हा दाब लगेच उतरत नाही, पुष्कळदा कित्येक तास टिकतो.

ज्यांच्या घरी मोटार नाही त्यांनीही हे वाचून सोडून देऊ नये. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि तेव्हापासूनच्या जवळजवळ सर्व नव्या स्कूटरी व मोटारसायकली इंजेक्शनच्याच आहेत. सूनबाईंच्या स्कूटरमध्येही टाकीतला पंप, दाबाची नळी आणि तसाच एक बोटभर कनेक्टर असतो.

धातू सोडून प्लॅस्टिक का?

"कंपन्यांनी पैसे वाचवायला प्लॅस्टिक घातले" ही तक्रार गॅरेजच्या बाकावर हमखास ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. लोखंडी नळी गंजते. कोकणासारख्या खाऱ्या हवेत तर गाडीच्या पोटाखाली ती फार लवकर गंजते. शिवाय ती जड असते, हादऱ्यांनी तडकते, आणि वळणावळणाने न्यायची तर तुकडे जोडावे लागतात. प्लॅस्टिकची नळी एकसंध जाते, गंजत नाही आणि हादरे पचवते.

मात्र हे बादलीचे किंवा बागेतल्या पाइपचे प्लॅस्टिक नव्हे. ते नायलॉन असते, त्यातही बहुधा नायलॉन ११ किंवा नायलॉन १२ या जातीचे. यांतल्या नायलॉन ११ चे मूळ आपल्या ओळखीचे आहे. ते एरंडेलापासून बनते! ज्या एरंडेलाचा चमचा पाहून घरातली मुले पळत सुटत, त्याच तेलापासून मोटारीच्या नळ्या होतात. जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते आणि भारतात गुजरातेत. एरंडाचे गुऱ्हाळ म्हणजे निष्फळ उद्योग असे आपण म्हणतो, पण रसायनशास्त्राने त्या गुऱ्हाळातून चांगलेच काही काढून दाखवले आहे.

नायलॉन १२ खनिज तेलापासून होते. त्यावर मोटारधंदा किती अवलंबून आहे हे २०१२ साली सगळ्यांना कळले. त्या वर्षी ३१ मार्चला जर्मनीतील मार्ल येथे इव्होनिक कंपनीच्या कारखान्यात स्फोट झाला आणि दोन कामगार मृत्युमुखी पडले. या कारखान्यात नायलॉन १२ साठी लागणारे एक रसायन तयार होत असे. पुरवठा आटताच एप्रिलच्या मध्याला अमेरिकेत डेट्रॉइटजवळ मोटारधंद्यातील कंपन्यांना तातडीने एकत्र बसावे लागले. इंजिने, पत्रे, चाके सर्व होते, प्रश्न पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या कशाच्या करायच्या हा होता. दुसरे कोणतेही प्लॅस्टिक चालले असते, तर ही बैठक भरलीच नसती.

आजच्या कित्येक नळ्या तर एकात एक बसवलेल्या अनेक थरांच्या असतात. एखादा थर पेट्रोलची वाफ झिरपू देत नाही. काही नळ्यांचा सर्वांत आतला थर वीज वाहून नेणारा असतो, कारण प्लॅस्टिकमधून पेट्रोल वेगाने वाहताना घर्षणाने स्थिर वीज साठते. बाहेरून पाहता मात्र ही नळी आणि बाजारातली दुसरी कोणतीही काळी नळी सारखीच दिसते. घोटाळ्याचे मूळ इथेच आहे.

बोटभर जोडणीच्या पोटात

नळी स्वतः सहसा तुटत नाही. तुटते ती तिच्या टोकाची जोडणी. गॅरेजमध्ये तिला नुसते कनेक्टर म्हणतात. तिला दोन बाजू असतात.

एका बाजूला खाचाखाचांचे टोक असते, माशाच्या काट्यासारखे मागे वळलेल्या कडांचे. हे टोक नळीच्या भोकापेक्षा किंचित जाड असते. कारखान्यात ते यंत्राने नळीत दाबून बसवतात. नायलॉन त्यावर इतके घट्ट आवळून बसते की वरून क्लॅम्प लावावा लागत नाही.

दुसरी बाजू बांगडीसारखी पोकळ. पंपावर किंवा फिल्टरवर जे नळकांडे असते, त्याच्यावर ती सरकवतात. नळकांड्याला एक उंचवटा असतो. तो आत गेला की लॉक "टक्" आवाज करून त्याच्या मागे अडकते. आत एक किंवा दोन ओ-रिंगा असतात, गळती थांबवण्याचे काम त्यांचे. म्हणजे कामे वाटलेली आहेत : ओ-रिंग पेट्रोल अडवते, लॉक जोडणी धरून ठेवते. लॉक मोडले तर ओ-रिंग काही वेळ किल्ला लढवते. गाडी चालते, गळतही नाही, आणि मालकाला वाटते की सारे ठीक आहे. एखाद्या मोठ्या खड्ड्यात जोडणी मिलिमीटर दोन मिलिमीटर सरकते, आणि मग वास सुरू होतो.

ती मोडते कशाने?

बहुतेक वेळा हाताने. लॉक सोडवण्याची प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. कुठे दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबायचे, कुठे एक पट्टी वर उचलायची, कुठे छोटे हत्यार आत सरकवायचे. घाईतला फिटर स्क्रूड्रायव्हर घालून उचकटतो. नऊ-दहा वर्षे इंजिनाची धग सोसलेले प्लॅस्टिक कडक झालेले असते, त्याचा कान तुटतो. सांधलेल्या भागांत वाळू आणि धूळ अडकलेली असली तर लॉक मागे सरकत नाही, मग जोर वाढतो आणि काम बिघडते. जाणते मेकॅनिक म्हणून आधी हवा मारून जोडणी स्वच्छ करतात, नळी किंचित आत ढकलून लॉकवरचा ताण काढतात आणि मगच ती सोडवतात.

दुसरा गुन्हेगार उंदीर. पावसाळ्यात उंदरांना उबदार जागा हवी असते आणि रात्री उभ्या केलेल्या गाडीइतकी सोयीची जागा दुसरी नाही. वायरी कुरतडल्या तर गाडी सुरू होत नाही, म्हणून कळते. पेट्रोलची नळी कुरतडली तर गाडी सुरू होते, हे जास्त वाईट. तिसरे कारण बॅटरीतले आम्ल. नायलॉनला पेट्रोल चालते पण तीव्र आम्ल चालत नाही. चौथे, नळीच्या पकडी काढून परत न बसवणे. मग नळी लोंबते आणि तापलेल्या सायलेन्सरला टेकते.

ओ-रिंगांचे दुखणे वेगळे. २०२३ च्या फेब्रुवारीत देशात वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीला आले आणि पुढच्या दोन वर्षांत ते सर्वत्र पसरले. इथेनॉलने काही जातींचे रबर फुगते किंवा कडक होते. म्हणून जुन्या गाडीची जोडणी उघडली असेल तर नवी ओ-रिंग टाकावी आणि ती या इंधनाला चालणारीच असावी. नळाच्या वॉशरच्या डबीतली त्या मापाची रिंग बसेल, पण टिकणार नाही.

जुगाड कुठे फसतो

आपण भारतीय जुगाडात हुशार. मोडलेल्या वस्तूत जीव ओतण्याची ही हातोटी वाईट नाही, तिच्यावर कित्येक संसार चालले आहेत. पण या एका जागी ती का चालत नाही, हे हिशेबानेच पाहू.

आठ मिलिमीटर व्यासाच्या जोडणीत तीन बारचा दाब असेल तर ती जोडणी साधारण दीड किलोच्या जोराने सतत बाहेर ढकलली जाते. दीड किलो बटाट्यांची पिशवी त्या मोडक्या लॉकला टांगली आहे आणि गाडी खड्ड्यांतून चालली आहे असे समजा. तारेने बांधलेली गाठ हे किती दिवस सोसेल?

चिकटवून पाहावे, तर नायलॉनला गोंद नीट धरतच नाही. झटपट चिकटणारा गोंद असो की मळून लावायची लांबी, ती वर बसते, आत रुजत नाही. त्यात पेट्रोलचा ओलावा आणि इंजिनाची उष्णता. वरून लांबी टणक दिसते आणि खालून ओघळ चालू राहतो, तोही नजरेला न दिसता.

पट्टीचा क्लॅम्प आवळावा, तर तो रबरासाठी असतो. रबर दबते आणि घट्ट बसते. नायलॉन कडक, ते दबत नाही. फार आवळले तर पट्टीच्या कडेशी चिरते.

सर्वांत धोक्याचा जुगाड म्हणजे पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची नळी आणि तिचे दाबून बसवायचे सांधे. माप जवळपास जुळते, किंमत किरकोळ आणि पहिल्या दिवशी एक थेंबही गळत नाही. पण ती नळी पाण्यासाठी केलेली, निराळ्या प्लॅस्टिकची. पेट्रोलने ती फुगते, मऊ पडते, आणि एखाद्या दिवशी उन्हात सुटते. मोटारीचा पंप मिनिटाला लिटरभर किंवा त्याहून जास्त पेट्रोल फेकू शकतो. गाडी रस्त्यात बंद पडेपर्यंत किती सांडेल, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

सांडलेले पेट्रोल जळते म्हणण्यापेक्षा त्याची वाफ जळते म्हणणे बरोबर. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ मिसळली की ठिणगी पुरते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने वर उडून जात नाही, गाडीखाली, तळघरातल्या पार्किंगमध्ये, गॅरेजच्या खड्ड्यात साठून राहते. आणि आपल्या उणे चाळीस अंशांच्या आसपासच्या ज्वलनबिंदूमुळे पेट्रोल महाबळेश्वरच्या थंडीतही पेट घेण्याइतकी वाफ सोडतच असते.

मग योग्य दुरुस्ती कोणती?

ही माहिती घरी हत्यारे घेऊन बसण्यासाठी नाही. काम करवून घेताना समोर उभे राहता यावे आणि योग्य प्रश्न विचारता यावेत यासाठी आहे.

पहिला प्रश्न : नेमके काय मोडले? उत्तरे तीन.

नुसते लॉक मोडले असेल तर काही गाड्यांना ते सुटे मिळते. नवे लॉक, नवी ओ-रिंग, काम झाले. हा सर्वांत स्वस्त सुटकेचा मार्ग.

कनेक्टरच तडकला असेल तर कनेक्टरसकट तयार नळी मिळते, ती बदलणे सर्वोत्तम. अनेक कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिका नायलॉनच्या नळीला जोड देऊच नका, पूर्ण बदला, असे सांगतात. पण पूर्ण नळी महाग असते किंवा जुन्या गाडीसाठी मिळतच नाही, हेही खरे आहे. अशा वेळी मधला मार्ग आहे. पेट्रोलसाठीच बनवलेला, त्याच मापाचा नवा कनेक्टर घ्यायचा. जुने टोक नळीसकट थोडेसे कापायचे, अर्थात नळीला तेवढी सैल लांबी असेल तरच. कापायचे ते धारदार कटरने, सरळ काटकोनात. हॅक्सॉ ब्लेडने कापल्यास कडा फाटतात आणि बारीक कीस नळीत शिरून पुढे इंजेक्टरची छिद्रे बुजवतो. मग नळी खास पकडीत धरून नव्या कनेक्टरचे खाचांचे टोक पूर्ण आत दाबायचे. नळी गाडीतून काढून, रिकामी करून घेतलेली असेल तर काही कारागीर तिचे टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करतात. लायटर, मेणबत्ती किंवा गरम हवेची बंदूक मात्र कोणी हातात घेतली तर तिथेच थांबवावे. आगीचा धोका तर आहेच, शिवाय जास्त तापलेले नायलॉन पकड सोडते.

तिसरे उत्तर सर्वांत नकोसे : पंपाच्या माथ्यावरचे प्लॅस्टिकचे नळकांडेच मोडले. त्याला दुरुस्ती नाही. माथा सुटा मिळत असेल तर तो, नाहीतर पूर्ण पंपाचा संच बदलावा लागतो. याच ठिकाणी सर्वांत जास्त लांबी थापली जाते, कारण खर्चातला फरक मोठा असतो.

दुसरा प्रश्न : दाब उतरवला का? सामान्य पद्धत अशी. पंपाचा फ्यूज काढतात आणि इंजिन चालू करतात. नळीतले पेट्रोल संपले की ते आपोआप बंद पडते. मग बॅटरीची ऋण तार सोडतात, टाकीचे झाकण किंचित उघडतात, आणि जोडणीवर जाड फडके धरूनच ती सोडवतात. तरी थोडे पेट्रोल येतेच. ते भांड्यात घ्यावे, जमिनीवर नको. काम उघड्यावर व्हावे, अंधारात असेल तर बॅटरीच्या टॉर्चवर. वायरीला लटकवलेला काचेचा बल्ब तिथे आणू नये. पेट्रोलच्या थेंबाने तो फुटला की ठिणगी तयारच.

तिसरा प्रश्न : तपासणी केली का? नवी जोडणी "टक्" वाजली पाहिजे, आणि वाजल्यावर तिला मागे ओढून पाहिले पाहिजे. सुटली नाही तरच ती बसली. मग इंजिन न चालवता किल्ली नुसती "ऑन" करायची. पंप दोन-तीन सेकंद घुमतो आणि थांबतो. असे चारपाच वेळा केले की नळीत दाब भरतो. आता जोडणीखाली कोरडा कागद धरावा. कागद कोरडा राहिला तर इंजिन सुरू करावे, दहा मिनिटे चालू ठेवून पुन्हा पाहावे. या सगळ्याला पाव तास लागतो. तेवढा वेळ गॅरेजमध्ये उभे राहण्याचा कंटाळा करू नये.

एक इशारा डिझेल गाड्यांसाठी. आजच्या डिझेल इंजिनात पंपापासून इंजेक्टरपर्यंतच्या पोलादी नळ्यांत हजार बारहून अधिक दाब असतो. त्यातून निघालेली सुईसारखी धार कातडी भेदून आत जाते. तिथे गळती कुठे आहे हे बोट लावून पाहणे म्हणजे थेट शस्त्रक्रियेला आमंत्रण. सीएनजीच्या नळ्यांचेही काम अधिकृत ठिकाणीच करावे. मात्र सीएनजी गाडीतही पेट्रोलची नळी असतेच, हे विसरू नये.

वास आला तर

पेट्रोल भरल्यावर क्षणभर येणारा वास वेगळा. काचा बंद केल्यावर पुन्हा पुन्हा येणारा, सकाळी गाडीचे दार उघडताच जाणवणारा, किंवा किल्ली फिरवताच वाढणारा वास ही सूचना समजावी. तसे झाल्यास :

गाडी रस्त्याच्या कडेला, वस्तीपासून आणि टपरीच्या शेगडीपासून दूर थांबवावी. इंजिन बंद करावे आणि किल्ली काढावी. डॅशबोर्डवर उदबत्ती लावलेली असेल तर वास येताच विझवावी. आधी मुले आणि वृद्ध, मग बाकीचे, सामान सर्वांत शेवटी. गाडीखाली ओल दिसली तर किल्ली पुन्हा फिरवू नये, कारण पंप पुन्हा चालू होतो. धूर निघत असेल तर बॉनेट उघडू नये. आत हवा गेली की धुमसणारी आग भडकते. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये, ते जळते पेट्रोल पसरवते. कोरड्या भुकटीचे छोटे अग्निशामक नळकांडे गाडीत हाताशी ठेवावे, डिकीत सामानाखाली नको. मदतीसाठी ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३.

घरात रोज पाळता येईल अशी सवय एकच. पंप, फिल्टर किंवा इंजेक्टरचे काम करून गाडी घरी आली की पुढचे दोन दिवस सकाळी गाडीचे दार उघडताच आधी नाकाने तपासावे. ज्याला सर्दी नाही, त्याने!

त्या दिवशी सेंधव्याला

मेकॅनिकने गाडी गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत ढकलत नेली. इंजिन सुरू करू दिले नाही. इंदूरला फोन करून कनेक्टरसकट नळी मागवली, ती दुसऱ्या दिवशी बसने येणार होती. कुटुंब नाशिकच्या बसमध्ये चढले. आजींची पेटी मांडीवर, फराळाचे डबे पायाशी. पोहोचायला रात्र झाली, पण सकाळच्या प्रतिष्ठापनेला सगळे हजर होते.

दीड दिवसाचा गणपती विसर्जित झाल्यावर गृहस्थ गाडी घ्यायला परत सेंधव्याला गेले. मेकॅनिकने त्यांच्यासमोर किल्ली चार वेळा फिरवली, जोडणीखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा धरला आणि तो त्यांच्या हातात दिला. मग तांब्याची ती जुनी तार, लांबीचा सुटलेला गोळा आणि मोडके लॉक कागदात बांधून दिले. बिलाबरोबर न्या, म्हणाला, पंप बदलणाऱ्याला दाखवा. भांडायला नको, पण पुढच्या गाडीला तरी तो तार बांधणार नाही.

बिल झाले ते तारेच्या गाठीपेक्षा अर्थातच पुष्कळ जास्त होते. गृहस्थांनी घासाघीस केली नाही. घरी फोन लावला आणि आधी आईला द्यायला सांगितले. वास पहिल्यांदा तिलाच आला होता, आणि त्यांनी काचा खाली केल्या होत्या.